भाऊची घागर

भाऊ सुटीवर आला की त्याच्याआधी त्याचा वास घरात शिरायचा. डिझेलचा वास. आमच्या असोद्याला तो वास काही नवा नव्हता. निम्म्या गावाच्या मळ्यांत इंजिनं होती, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, सदऱ्यालाही तो असायचाच. पण भाऊचा वास मुरलेला होता. कपड्यांत, केसांत, पेटीत, येताना आणलेल्या काजूच्या पाकिटातसुद्धा. माय त्याचे कपडे पहिल्या दिवशी सोड्यात भिजवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायची, आणि तिसऱ्या दिवशी दोरीवरचा शर्ट नाकाला लावून म्हणायची, "व माय, या पोराचे आता हाडंच धुवा लागतीन." भाऊ खो खो हसायचा. तो माझ्याहून बराच मोठा, नौदलात, पाणबुडीवर होता. घरात मी धाकटी, तो थोरला, आणि मधे कोणीच नाही, त्यामुळे आमच्यात भांडायला वावच नव्हता. त्याने मला चिडवायचं आणि मी त्याच्या पाठीवर बुक्के मारायचे, एवढंच आमचं नातं. पुढे आयुष्यात मला बरीच शहाणी माणसं भेटली, पण ज्याच्या पाठीवर बिनधास्त बुक्का मारावा असं कोणी भेटलं नाही.

तो घरी आला की आमच्या घराचं वेळापत्रक कोलमडायचं. आंघोळीला एवढा मोठा हौद भरलेला असताना हा गडी दोन तांबे पाण्यात बाहेर यायचा. माय ओरडायची, "अरे, मळ्यात इहीर हाये, तुह्या जहाजात नाही तू!" तिकडे गोडं पाणी जपून वापरायची सवय, ती काही सुटायची नाही. रुंद खाटेवर झोपला तरी कडेला अंग चोरून झोपायचा. आणि खायचा मात्र राक्षसासारखा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या पांढुरक्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर शेंगदाण्याचं तेल. लाकडी बडगीत मिरच्या ठेचल्याचा आवाज ऐकला की तो अंगणातून हाक मारायचा, "माय, ठेच, ठेच, थांबू नको!" पाण्याखाली म्हणे ताजी भाजी दोन-चार दिवसांत संपते, मग सगळं डब्यातलं. दिवस की रात्र तेही कळत नाही. पुढ्यात पोहे आले तर सकाळ समजायची. गावातली माणसं मुद्दाम त्याला भेटायला यायची आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, खिडकीतून मासे दिसतात का? खिडकीच नसते म्हटल्यावर बिचाऱ्यांची तोंडं उतरायची. माय मात्र दरवेळी नव्याने हबकायची. "बिनखिडकीचं? अन मंग तुमी पाहता काय दिसभर?" भाऊ म्हणायचा, "एकमेकायचे थोबाडं."

वहिनी धुळ्याकडची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण भाऊच्या सुट्या मोजल्या तर दोघांचा संसार जेमतेम एका उन्हाळ्याएवढा. तिकडे क्वार्टर मिळायची वाट पाहत ती आमच्याकडे राहायची. तिचं बोलणं अहिराणी, आमचं इकडचं. ती 'आहे'ला 'शे' म्हणाली की माय मुद्दाम म्हणायची, "काय शे व बाई, काय शे?" आणि वहिनी ठसक्यात उत्तर द्यायची, "मन्हं डोकं शे, तुम्हना पाटाखाल शे!" दोघी हसायच्या. डी.एड. झालेली होती, हाताने झपझप काम करायची, आणि चुलीपुढे बसून मला बारावीचं मराठी शिकवायची. आम्ही दोघी मधल्या खोलीत झोपायचो. भाऊचा फोन आला की ती उठून परसात जायची, कारण घरात रेंज यायची नाही. पपईच्या झाडाखाली एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच आवाज नीट यायचा. त्या दगडावर एका पायावर तोल सांभाळत, पदर तोंडावर धरून हसणारी वहिनी मला आजही दिसते. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा.

त्या साली कपाशीची निंदणी चालू होती. दुपारी मी कॉलेजातून घरी आले तर शेजारच्या काकूंकडच्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमलेली. खाली पट्टी सरकत होती, सरावासाठी गेलेल्या पाणबुडीशी संपर्क तुटला. पाणबुडीचं नाव वाचून मी वहिनीकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे. मायला वाचता येत नव्हतं. तिला कोणीतरी सांगितलं, संपर्क तुटला म्हणतात. माय पदराने घाम पुसत म्हणाली, "मंग? आपल्या घरात तरी कोठे रेंज येते? त्याले वर येऊ द्या, लागीन फोन." आणि निंदणीच्या बायांसाठी चहा टाकायला ती घरात निघून गेली. तिला कोणी अडवलं नाही. वहिनी त्या दगडावर जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. फोन हातात धरून नुसती उभी.

पुढच्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय होता, हवा. टीव्हीवर कोणीतरी चित्र काढून समजावून सांगत होता की आत अमुक इतके दिवस पुरेल एवढी हवा असते. ते मायला कुणीतरी सांगितलं आणि तिने ते धरून ठेवलं. सकाळी उठल्या उठल्या ती आबांना विचारायची, "आज हाये ना अजून?" आबा म्हणायचे, "हाये." ते मळ्याकडे जायचे नाहीत, ओट्यावर बसून राहायचे. माय स्वयंपाक करताना मधेच थांबायची आणि स्वतः श्वास धरायची. किती वेळ धरता येतो ते पाहायची. मी पाहिलं तर म्हणायची, "झोपला असला तं कमी लागते, नाही का?" मी हो म्हणायचे. आणि मीही आंघोळ करताना तेच करायचे. तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतायचं आणि नाक दाबून थांबायचं. मला भीती वाटायची, फार भीती वाटायची, पण रोज करायचे. मग एका सकाळी मायने विचारलं, "आज?" आणि आबा काही बोललेच नाहीत. त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

काही आठवड्यांनी एक अधिकारी घरी आले. पांढरा कडक गणवेश, टोपी काखेत, बरोबर तालुक्याचा कोणी माणूस. मायने त्यांना आधी जेवायला बसवलं. काही केल्या ऐकेना. ते बिचारे मांडी घालून बसले, भरिताच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, की आधीपासूनच होतं, कोण जाणे. मग त्यांनी सांगितलं. पाणबुडी सापडली आहे, पण इतक्या खोल आहे की वर काढता येत नाही. कशामुळे झालं तेही सांगता येत नाही. आत कोणी जिवंत नाही. सगळे देशासाठी गेले. हिंदीतून, हळू, 'माँजी, माँजी' करत ते बोलत होते. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, दिवाळीला येतो म्हणून गेलेला माणूस होता, त्यामुळे त्या शब्दांना आमच्या घरात कुठे ठेवावं ते कळेना. मायने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "साहेब, त्याचं दार आतून उघडते का बाहेरून?" वहिनीने ते हिंदीत करून सांगितलं. ते साहेब ताटाकडे पाहत म्हणाले, दोन्हीकडून. माय म्हणाली, "मंग झालं तं."

त्या 'झालं तं'वर पुढचं सगळं वर्ष उभं राहिलं. तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, हाताने आंघोळ घातली नव्हती, म्हणून ती दहावं करू देईना, तेरावं करू देईना. आबांचे भाऊबंद आले, समजावून गेले. एका काकांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देण्याची गोष्ट काढली, तर मायने त्यांच्या पुढचा चहाच उचलून नेला. भाऊचा फोटो होता, पण त्याला हार नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे वहिनी. माय रोज सकाळी तिचं कपाळ पाहायची. टिकली बारीक वाटली तर स्वतःच्या हाताने कुंकू लावायची. गावातल्या बायका मात्र तिला हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. एकदा गल्लीत डोहाळजेवण होतं. आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत बोलावणं गेलं आणि आमच्या दारावरून ती पोरगी नुसती पळत पुढे गेली. वहिनी तेव्हा दारातच गहू निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मला त्या बायकांचा इतका राग आला होता की अजून त्यातल्या एकीशी मी बोलत नाही, आणि ती बिचारी का ते विसरूनही गेली असेल.

धुळ्याहून वहिनीच्या वडिलांचे निरोप येत होते. तिकडच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा होती, संस्थावाले ओळखीचे होते, जूनपासून रुजू व्हायचं होतं. माय म्हणायची, "तो येईन तवा घरात बायको नको? दार मी उघडू का?" आबा मान खाली घालायचे. वहिनी चोवीस वर्षांची होती. मला तेव्हा ती मोठी बाई वाटायची. आज माझ्या शेजारची चोवीस वर्षांची पोरगी स्कूटीवरून जाताना दिसते तेव्हा मी मोजते आणि गप्प होते. वहिनीलाही जायचं होतं, आणि जायचं नव्हतंही. एकदा पापड लाटता लाटता तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि मायला सरळ विचारलं, "माय, मी सवाशीन शे का नही शे, इतलंच माले सांगा. बठ्ठं गाव माले इचारस. मी काय सांगू?" माय म्हणाली, "लाट, पीठ वाळतं." मग दोघींनी सगळे पापड लाटले. अंगणभर खाटांवर पापड पसरले होते आणि मी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. आत काय चाललंय ते मला सगळं कळत होतं, आणि मला मनातून वहिनी जायला नको होती, हेही खरं.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेरच्या माणसाला आखाजी समजावणं कठीण आहे. तो आमच्याकडे लेकीबाळींचा सण. मुराळी, म्हणजे भाऊ, बहिणीला सासरहून माहेरी घेऊन जातो. कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधतात, पोरी दिवसभर गाणी म्हणत झोके घेतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांना पाणी देतात. गव्हाच्या राशीवर मातीची घागर मांडायची, पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, पुढे आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. घराण्यातल्या सगळ्या पूर्वजांची मिळून एक घागर असतेच. वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्याची वेगळी. म्हणजे झोक्यावरची लेक आणि तहानलेला मेलेला, दोघांची एकाच दिवशी सोय. आमच्या वहिनीचं त्या दिवशी काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सणाच्या आधी कुंभारीण गंगूबाई दारात आली. दरवर्षीची ती. डोक्यावरची पाटी उतरवली आणि न विचारता दोन घागरी काढून ओट्यावर ठेवल्या. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. माणूस गेलं, घागर वाढली, तिच्या हिशेबाने तो शेजारधर्म होता. माय आतून हात पुसत आली, घागरी पाहिल्या, आणि तिचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. "दुसरी कोनाची?" गंगूबाई चाचरली, "बाई, रीत हाये म्हनून..." माय म्हणाली, "तहानेनं गेला का तो? ज्याले पानी भेटत नाही त्याले पानी देतेत. माह्या पोराच्या उरावर सारा समुद्र बसेल हाये, अन मी त्याले आखीन एक घागर वतू?" गंगूबाईने मुकाट्याने एक घागर उचलून पाटीत ठेवली. आबा ओट्यावरच होते. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. घरात हुंदका आबांचाच पहिला, त्या सगळ्या वर्षातला.

मी खूपदा विचार करते, की माय ते बोलली तेव्हाच तिला कळलं असेल का. 'बसेल हाये', म्हणजे बसलाय, असं म्हणाली होती ती. येईल, दार वाजवेल असं म्हणणारी बाई त्या दिवशी त्याला समुद्राखाली ठेवून बोलली. पण आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीचा भाऊ निलेश मोटारसायकलवर धुळ्याहून आला. मुराळी म्हणून आलो, असंच तो म्हणाला, पण त्याने येताना मोठी बॅग बांधायची दोरी आणली होती. मायने त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि वहिनीला नेण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग चपला घालून कुठेतरी गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर घागर होती. लहान मूल धरावं तशी. कुंभारवाड्यातून ती तशीच भर उन्हात चालत आली होती. तिने ती घागर धुतली, उन्हात पालथी घातली, आणि वाळल्यावर आतपर्यंत हात घालून कोरड्या फडक्याने पुसली. धान्य भरायला पुसतात तशी, एक थेंब राहू नये अशी.

आखाजीच्या दिवशी देवघरासमोर गव्हाच्या दोन राशी केल्या. घरात आमरसाचा आणि चुलीवरच्या खापराचा वास. वहिनीच मांडे करत होती. हातावर फिरवत फिरवत एवढी मोठी पोळी करणं तिच्याइतकं कोणाला जमायचं नाही. बाहेर गल्लीत पोरींची गाणी चालू होती. आबांनी पूर्वजांच्या घागरीत पाणी ओतलं, वर मडकं ठेवलं, डांगर ठेवलं. मग बादली घेऊन ते दुसऱ्या घागरीकडे वळले आणि मायने घागरीच्या तोंडावर आपला हात ठेवला.

"हिच्यात पानी नका टाकू."

"मंग काय टाकू व?"

"कायीच नका टाकू. अन वर झाकन बी नका ठेवू." ती थांबली. "त्याले पानी नको. त्याले हवा लागते."

आबा बादली धरून उभे राहिले. निलेश उंबऱ्यात होता, त्याने तोंड फिरवलं. मी त्या घागरीच्या उघड्या तोंडाकडे पाहत होते. आत काळोख होता आणि काही नव्हतं. आजवर मी मृत्यूबद्दल बरंच ऐकलं, वाचलं, पण त्या रिकाम्या मडक्याइतकं भयंकर आणि तितकंच मायेचं मला काही दिसलेलं नाही. मला वाटलं मी ओरडेन. मी ओरडले नाही, फक्त वहिनीला शोधू लागले. ती चुलीपुढून उठून दारात येऊन उभी होती, कोपरापर्यंत पीठ.

मग आगारी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा आणि गेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. आबांनी पणजोबांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आजीचं घेतलं. दरवेळी तूप पडलं की निखारा चरचरायचा. मग त्यांनी पुढचा घास उचलला आणि हात तसाच राहिला. बापाने लेकाचं नाव त्या रांगेत घ्यायचं होतं. त्यांनी मायकडे पाहिलं. मायने घागर आणली होती, पुसली होती, तिचं सगळं बळ तिथवरच होतं. ती भिंतीकडे पाहत होती. निखाऱ्यावर राख धरू लागली.

वहिनी आली आणि आबांच्या शेजारी बसली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घ्यायचं, तेही सगळ्यांनी दार अडवल्यावर. एरवी 'हे', 'तुम्हना भाऊ', 'तुम्हना आंडोर', म्हणजे तुमचा मुलगा. लग्न होऊन आल्यापासून मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलेलं नव्हतं. तिने आबांच्या हातातला घास घेतला, निखाऱ्यावर ठेवला, तूप सोडलं, आणि म्हणाली,

"योगेश."

जोरात नाही, रडून नाही. परसातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तसं. धूर झाला, ज्वाळ उठली नाही. तिने आणखी तूप सोडलं आणि पुन्हा म्हणाली, "योगेश." तेव्हा घास पेटला.

"गेला व माय तो," भिंतीकडे पाहतच माय म्हणाली. "माहा योगेश गेला."

वहिनीने तिच्या मांडीत डोकं ठेवलं आणि माय तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बराच वेळ. घास जळून संपला. मग मायने पदराने स्वतःचं तोंड पुसलं, वहिनीच्या हातावरचं वाळलेलं पीठ पुसलं, आणि उंबऱ्यातल्या निलेशला म्हणाली, "आधी जेव रे बापा. अन ऊन उतरलं का मंग इले घरी घेऊन जाय."